नमुन्यातला बैल

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि अमरावतीच्या एका ठाण्यातल्या पोलिसांना सभ्य करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि गणपतीत नाटकं बसवायचो. पुण्याकडून आलेल्या नव्या साहेबांना एवढी पात्रता पुष्कळ वाटली. "लोकशाहीत पोलीस जनतेचा सेवक असतो. यांना आधी बोलायला शिकवा," ते म्हणाले.

ठाण्याच्या अंगणात कडुनिंबाखाली मी शिपायांना 'आपण' शिकवू लागलो. 'अबे' बंद, 'काहून बे' बंद. जमादार मनाचे वाईट नव्हते, पण 'आपण बसावे' म्हणताना एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचे.

तेव्हा जवळच्या खेड्यातला एक शेतकरी रोज ठाण्यात येई. त्याचा बैल चोरीला गेला होता. पेरणी तोंडावर, आणि एका बैलावर तिफण चालत नाही. तक्रार मात्र कुणी लिहून घेईना. लिहिली की चोरी झाली असं ठरतं, आणि चोऱ्या होत नाहीत म्हणून तर ठाण्याचं नाव होतं. शिवाय हे घर नुकतंच बौद्ध झालेलं. तेव्हापासून हा गृहस्थ कुणालाच 'जी मालक' म्हणत नसे, आणि जमादारांना ते 'आपण'पेक्षाही जड जाई.

माझ्या शिकवणीने फरक पडला तो एवढाच, की आधी त्याला हाकलत, आता बाकावर बसवून ठेवत.

"पह्यले 'चाल, नीघ' म्हने, तं घरचं काम तरी होये," तो मला म्हणाला. "आता दिवसभर 'आपण बसा, आपण बसा'. गुरुजी, मान भेटला. बैल कवा भेटते?"

तेवढ्यात नागपूरहून मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांना सौजन्याचा प्रयोग करून दाखवायचा ठरला. वर्दी उतरवून तक्रारदार व्हायला एकही शिपाई तयार होईना. माझी दिग्दर्शकाची नजर बाकावर गेली.

"नाटकात तरी लिवून घेतीन काय?" त्याने विचारलं.

"घेतील."

"तं मंग मी राजी."

तालमीत जमादारांनी घोकलेलं वाक्य टाकलं, "आपण बैल कुठे बांधला होता?"

"आपण? तुमी कुठी होते तवा? म्या एकल्यानं बांधला!"

सगळं ठाणं हसलं. जमादार नाही हसले.

प्रयोगाच्या दिवशी सतरंज्या अंथरल्या होत्या, टेबलावर फुलदाणी होती. मोठे साहेब पुढे बसले. आमचा तक्रारदार बोलू लागला. पांढरा बैल, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं, कपाळावर काळा ठिपका. जमादार मान डोलावत कागदावर टाक फिरवत होते. तक्रारदार एकदम थांबला आणि टेबलावर वाकला.

"जमादार साहेब, टाक कोरडाच फिरून राह्यला. दौतीत शाई नाई."

मोठे साहेब उठले. "वा! काय बारकावा आहे!" म्हणत त्यांनी स्वतःचं फाउंटन पेन जमादारांच्या हाती दिलं आणि माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी नम्रपणे मान लववली. दिग्दर्शकाने नाही म्हणू नये.

तक्रार शब्दन् शब्द लिहिली गेली. टाळ्या सुरू असताना जमादार माझ्या कानाशी आले. "नाटक झालं ना गुरुजी? फाडू काय?"

पण मोठ्या साहेबांनी कागदावर 'उत्तम नमुना' असं लिहून खाली सही ठोकली होती. साहेबांची सही फाडणारा पोलीस अजून जन्मायचा आहे. कागदाच्या प्रती निघाल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांवर, चौक्यांवर गेल्या. सौजन्याच्या तासाला मोठ्याने वाचाव्यात, असा हुकूम होता. चांदूर बाजारपासून मेळघाटापर्यंत शिपाई ते मोडकं शिंग पाठ करू लागले.

मृग दोन-चार दिवसांवर आला तेव्हा धारणीकडच्या एका चौकीतून पत्र आलं. जमादारांनी ते मोठ्याने वाचलं: 'नमुना वाचीत असता नमुन्यातील बैल रस्त्याने जाताना दिसला. बैल ताब्यात घेतला आहे. तो प्रशिक्षणाच्या साहित्यात जमा करावा की कसे, आदेश व्हावा.'

आमचे साहेब आदेशाचा मसुदा करायला बसले. बैलाचा मालक मात्र बाकावरून उठला, धोतर खोचलं आणि जमादारांना म्हणाला, "तुमी आदेश लिवा. मी बैल घेऊन येतो."

आणि तो धारणीच्या बसकडे निघाला.