मोहिद्दीनचा दर

सांगलीच्या विश्रामबागेत रत्नत्रय नावाची चार मजली इमारत आहे. चोवीस फ्लॅट, एक लिफ्ट, दोन टाक्या आणि एक सेक्रेटरी. निम्म्या फ्लॅटांतली माणसं बदलली, लिफ्टही एकदा बदलली, सेक्रेटरी मात्र एकोणीस वर्षं तेच राहिले. श्रेणिक बिरनाळे, सगळ्यांचे अण्णा. सोसायटीचं सेक्रेटरीपद म्हणजे विकतचं दुखणं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून तर दरवर्षी सभेत निवडणुकीचा विषय आला की लोक छताकडे बघायला लागायचे आणि कुणीतरी म्हणायचं, “अण्णा आहेत की!” अण्णा नको-नको म्हणायचे आणि रजिस्टर परत काखेत मारून घरी यायचे. त्यांच्या पत्नी सुंदरीबाईंना तर सभेला न जाताच निकाल माहीत असायचा.

अण्णांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर गेली होती. त्यामुळे कागद हा त्यांचा जीव की प्राण. सोसायटीची साधी सूचना असली, म्हणजे समजा ‘गच्चीवर सांडगे वाळत घालू नयेत’, तरी तिला विषय, संदर्भ, तारीख आणि खाली ‘कळावे’ असायचंच. आणि अक्षर असं, की रेघ पट्टीनं मारलीय असं वाटावं. शीर्षक लाल शाईत, मजकूर निळ्या. ते अक्षर फलकावर बघत बघत बिल्डिंगमधली पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, पुण्याला गेली. काही पोरांनी तर आपल्या बापाचं अक्षर ओळखलं नसतं, अण्णांचं ओळखलं असतं.

माणूस मात्र लखलखीत होता. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणा ठेकेदाराचा चहासुद्धा घेतला नाही. नऊ वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी एका कमिटी मेंबरनं आपल्या मेव्हण्याचं कोटेशन स्वतःच बसून भरून दिलं होतं. ते उघडकीला आल्यावर सभेत बाचाबाची झाली, हातघाईवर येणंच बाकी राहिलं. तेव्हा अण्णांनी ठराव करून घेतला: मोठ्या कामाला तीन कोटेशनं घ्यावीत, ठेकेदारानं आपलं कोटेशन स्वतःच भरावं, कमिटीतल्या कुणाचा हात त्याला लागला असेल तर ते वाचण्याआधीच बाद. हा ठराव त्यांना मनापासून आवडायचा. नव्या भाडेकरूलासुद्धा ते तो ऐकवायचे. भाडेकरूला बिचाऱ्याला पार्किंगचं विचारायचं असायचं.

पाण्याचं काम मात्र कुठल्याच ठरावात नव्हतं. ते मोहिद्दीन नदाफकडे होतं. बिल्डिंग बांधली तेव्हा तो पाइप घालायला आला आणि तसाच राहिला. मोटर, टाक्या, व्हॉल्व्ह, बोअर, सगळं त्याच्या हाताखालचं. कुठला व्हॉल्व्ह पावणेदोन आट्याला अडकतो आणि कुठला नुसत्या चापटीनं सुटतो, ते त्यालाच माहीत. करार नाही, कागद नाही. वर्षाच्या शेवटी अण्णा विचारायचे, “काय रे, वाढवायचे का?” आणि तो म्हणायचा, “तुमी ठरवाल ते, अण्णा.” २०१९च्या महापुरात शहराचे नळ बंद पडले, तेव्हा हा कमरेएवढ्या पाण्यातून शामरावनगरातलं आपलं घर सोडून आला आणि बंद पडलेल्या बोअरची मोटर उघडून बसला. चोवीस घरांना पाणी मिळालं. मेहरुनबी, त्याची बायको, तेव्हा नातेवाइकांकडे माळ्यावर बसून होती. हे अण्णांना पुढं कितीतरी दिवसांनी कळलं.

गेल्या वर्षी चेअरमन बदलले. नवे चेअरमन ऋषिराज माने, वय छत्तीस, घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारे. मुलगा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. त्याचं म्हणणं सरळ होतं. “अण्णा, सफाई, वॉचमन, पाणी, सगळं एकाच एजन्सीकडे द्यावं किंवा निदान प्रत्येक कामाची तीन-तीन कोटेशनं घ्यावीत. तुमचाच नियम आहे.” स्वतःचाच नियम समोर आल्यावर अण्णा काय बोलणार? पाण्यासाठी दोन एजन्सींनी कोटेशनचे अर्ज नेले. तिसरा अण्णांनी मोहिद्दीनच्या हातात दिला.

दोन दिवसांनी मोहिद्दीन तो कोराच घेऊन परत आला. चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस. सही यायची, तीही सावकाश.

“अण्णा, ह्ये मला काय जमत न्हाई. पोरगी शाझिया हितं असती तर तिनं लिवलं असतं. ती पडली तिकडं पाटणला सासरी. तुमीच लिवा.”

“मला लिहिता येत नाही रे, नियम आहे.”

“आवं, दर मीच सांगतो की. तुमी निस्तं लिवायचं.”

अण्णांनी कागद हातात घेतला. नियम त्यांच्या लक्षात होता, अगदी कलमासकट होता. पण दर त्याचा, हात तेवढा आपला, यात कसलं पाप, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर त्यांना दुसरीच गोष्ट सहन होत नव्हती. एजन्सीवाल्यांचे कागद संगणकावर छापून येणार आणि त्यांच्या शेजारी मोहिद्दीनचा चुरगळलेला, खाडाखोड केलेला कागद पडणार. त्यांनी पेन उघडलं. विषय, संदर्भ, बावीस वर्षांची सेवा, दर. खाली ‘आपला विश्वासू’. मोहिद्दीननं सही केली आणि कागद डोळ्यांसमोर लांब धरून बघितला.

“लय झ्याक झालंय, अण्णा,” तो म्हणाला.

एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा भरली. मोहिद्दीनला आत यायची परवानगी नव्हती, तो गेटबाहेर सायकल धरून उभा होता. ऋषिराजनं पहिलं पाकीट फोडलं, दुसरं फोडलं, दर वाचून दाखवले. तिसरं फोडलं आणि थांबला.

“अण्णा,” तो हळूच म्हणाला, “हे तर तुमचं अक्षर आहे.”

कागद पुढच्या रांगेत गेला, तिथून मागे गेला. अक्षर कुणाचं याबद्दल कुणाला शंका असायचं कारणच नव्हतं. मागून एकजण खाकरला. एवढ्याशा खाकरण्यानं अण्णांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

या ठिकाणी त्यांनी एवढंच सांगायचं होतं: त्याला लिहिता येत नाही, दर त्यानं सांगितला, मी उतरवून घेतला, हवं तर त्याला आत बोलवून विचारा. लोकांनी मान्य केलं असतं. ऋषिराजनं तर नक्कीच केलं असतं, तो तशी वाटच बघत होता. पण अण्णांना त्या क्षणी मोहिद्दीन दिसलाच नाही. त्यांना एकोणीस वर्षांचं आपलं नाव दिसलं, आणि त्यावर पडू पाहणारा डाग. ते उठले, म्हणाले, “नियम म्हणजे नियम. माझ्याकडून चूक झाली. हे कोटेशन बाद,” आणि लाल पेनानं स्वतःच त्या कागदावर आडवी रेघ मारली. पुढं जे झालं ते वाईट होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “अण्णांसारखा माणूस मिळायचा नाही!” कुणीतरी म्हणालं, आणि अण्णांना, त्याही वेळी, बरं वाटलं.

सभा संपल्यावर ते गेटबाहेर आले. मोहिद्दीननं सायकल स्टँडला लावली.

“काय झालं, अण्णा?”

“जमलं नाही रे.” आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, “तुझा दर जास्त पडला.”

दर जास्त नव्हता. तिन्हींत तोच सगळ्यांत कमी होता.

“लय जास्त?”

“तसा… थोडा.”

“मला म्हनला असता तर कमी केला असता की,” मोहिद्दीन म्हणाला. मग स्वतःच मान हलवून म्हणाला, “न्हाई, तुमी कसं सांगनार? पाकीट बंद हुतं. बरोबर हाय तुमचं.”

दुसऱ्या दिवशी तो किल्ल्या द्यायला आला, तेव्हा एजन्सीच्या माणसांबरोबर दोन तास फिरला. गच्चीवर नेऊन त्यांना एकेक व्हॉल्व्ह दाखवला. अण्णा खिडकीतून बघत होते. खाली जावं असं त्यांना चारदा वाटलं, चारदा ते गेले नाहीत.

एजन्सीनं काम वाईट केलं असतं तर अण्णांना थोडा आधार मिळाला असता. पण काम व्यवस्थित होतं. माणूस वेळेवर यायचा, वहीत सही करायचा, टाकी भरली की फोनवर निरोप पडायचा. तक्रार करायला जागाच नव्हती. अण्णांचं जेवण कमी झालं. सुंदरीबाईंनी एकदा विचारलं, “त्या मोहिद्दीनचं काय झालं हो?” तर अण्णा पेपरात तोंड घालून म्हणाले, “दुसरीकडे कामं आहेत त्याला.”

सप्टेंबरात पर्युषण झालं. दहा दिवस अण्णांनी एकभुक्त केलं, आणि अनंत चतुर्दशीनंतर क्षमावणीचा दिवस आला. जैनांच्या घरी त्या दिवशी प्रत्येकाची क्षमा मागायची असते. मंदिरात मागून झाली, भावकीत फोन करून झाली. सोसायटीच्या फलकावर दरवर्षीप्रमाणे कागद लावायचा म्हणून अण्णा बसले आणि लिहिलं, ‘कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास’. तिथं पेन थांबलं. नकळत काहीच झालेलं नव्हतं. कागद तसाच ठेवून त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

शामरावनगरात मोहिद्दीन घरी नव्हता. मेहरुनबीनं आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली.

“येतील आता. पहाटं पाच वाजल्यापासनं बाहेर हायत. आष्ट्याच्या बाजूला पाइपलाइनीच्या चरी खणायचं काम लागलंय.”

“चरी? ह्या वयात? बाकीच्या बिल्डिंगा आहेत ना त्याच्याकडे?”

“हायत की चार. पन त्यात आता भागत न्हाई, अण्णा.” ती भिंतीला टेकून बसली. “तुमच्यातलं काम सुटलं, त्या सांजंला घरी आले आन् म्हनले, आपला दर जास्त हाय. मी म्हनलं, कोन म्हनतंय? तर म्हनले, बिरनाळे अण्णा म्हनले. ते कवा खोटं बोलायचे न्हाईत. दुसऱ्या दिवशी आपल्या आपन चारी बिल्डिंगात जाऊन दर कमी करून आले. त्यास्नी वाटलं, बाकीचे पन काढतील. कुनी मागितलं बी नव्हतं.”

अण्णांना पाणी हवं होतं, पण मागायची लाज वाटली.

थोड्या वेळानं मोहिद्दीन आला. उजवा खांदा धरून चालत होता, गुडघ्यापर्यंत माती. अण्णांना बघून त्याचा चेहरा उजळला, आणि हे अण्णांना सगळ्यांत जड गेलं.

“आवं अण्णा! आज वाट वाकडी केली?”

अण्णा उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्टीला विषय आणि संदर्भ दिला होता, आता एकही शब्द नीट लागेना. “मोहिद्दीन, तुझा दर जास्त नव्हता. सगळ्यांत कमी तुझाच होता. माझं अक्षर लोकांनी ओळखलं, म्हणून तुझं कोटेशन बाद झालं. मीच बाद केलं. माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून. तुला खोटं सांगितलं.” त्यांनी हात जोडले. “क्षमा कर.”

मोहिद्दीन माती लागलेल्या हातांकडे बघत राहिला. मेहरुनबी आत निघून गेली.

“आसं हुतं व्हय,” तो म्हणाला. “आवं, ह्येच तवा सांगायचं. मी काय रागावलो असतो?”

“चल, आत्ता जाऊ. त्या चारी बिल्डिंगांत मी स्वतः सांगतो, दर पूर्ववत करा म्हणून.”

“त्ये कशाला ऐकतील, अण्णा? त्यास्नी सस्तात पडतंय.” तो म्हणाला त्यात राग नव्हता, चीडही नव्हती. “हात सोडा खाली. माफ केलं म्या. तुमचा सन हाय आज.”

क्षमा मिळाली होती. अण्णा तिथंच उभे राहिले. आता काय करायचं असतं ते त्यांना कळेना.

तेवढ्यात मोहिद्दीनच्या खिशातला फोन वाजला. माधवनगर रोडच्या कुठल्याशा नव्या बिल्डिंगचं काम होतं, पलीकडचा माणूस दर विचारत होता. मोहिद्दीन भिंतीकडे वळला आणि त्यानं आकडा सांगितला. अण्णांनी त्याच्यासाठी लिहिलेल्या आकड्याच्या तो निम्माही नव्हता.

पलीकडचा अजून काही बोललाही नव्हता, तोवर मोहिद्दीन म्हणाला, “जास्त वाटत असला तर सांगा, साहेब. आजून कमी करू.”