हळद लावलेलं रिव्हॉल्व्हर

दसऱ्यानंतरचे चार दिवस सीताराम ओव्हाळांच्या वाटेला जाऊ नये. बुधवार पेठेतल्या आमच्या बोळात बत्तीस वर्षं मी रेडिओचे, मग टीव्हीचे आणि आता मोबाइलचे सुटे भाग विकतोय. माझ्या समोरच श्यामरावांचं बंदुकांचं दुकान आहे आणि त्या दुकानात मागच्या टेबलावर दुरुस्ती करतात ते ओव्हाळ. वय अडुसष्ट, अंगाने किडकिडीत, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. दसऱ्याच्या दिवशी पांढरा शर्ट घालून विहारात जातात, वंदना घेतात, घरी येऊन खीर खातात. आणि दुकान उघडलं रे उघडलं की त्यांच्या टेबलावर हळदीकुंकवाने माखलेली हत्यारं येऊन पडतात.

"अहो, लोखंडाला ओलं कुंकू लावतात!" मला बघितल्याबरोबर त्यांची तोफ सुटते. "नळीत अक्षता! गेल्या वर्षी एकाने झेंडूचं फूल खोचलं होतं. वर मला विचारतो, गंज कसा काय चढला? पूजा करा ना, कोण नको म्हणतंय. पाटावर ठेवा, लांबून नमस्कार करा. त्याला न्हाऊमाखू कशाला घालता?"

त्यांच्या टेबलामागे त्यांनीच लिहिलेली पाटी आहे: 'येथे शस्त्रे दुरुस्त होतात. रुबाब वाढवून मिळत नाही.' श्यामरावांनी ती दोनदा काढली. ओव्हाळांनी तिसऱ्यांदा लावली ती स्क्रूने.

कुणाला वाटेल, माणसाला हत्यारांचा तिटकारा आहे. साफ चूक. रिव्हॉल्व्हरवर या माणसाचा जीव आहे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते, त्यांच्याकडून हातात कसब आलं. चाप किती जड, किती हलका, हे ते डोळे मिटून सांगतात. सहा गोळ्यांची घरं असलेलं सिलिंडर फिरवून कानाशी धरतात आणि कुठल्या घराशी अडतंय ते ओळखतात. दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन तीस गोळ्या मारतात, त्याही कागदावर. एका आगाऊ गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही पंचशील पाळणारे, मग हे कसं काय?" ओव्हाळांनी भिंगसुद्धा काढलं नाही. "मी आजवर पंचवीस मीटरवरच्या कागदाशिवाय कुणाला दुखावलेलं नाही," ते म्हणाले. "आपण आज सकाळपासून कुणाकुणाला दुखावलंत, ते सांगा."

मला खोटं बोलायचं नाही. एका रविवारी रीतसर पाहुणा म्हणून नाव घालून त्यांनी मला क्लबात नेलं होतं. मी आयुष्यात दिवाळीची टिकली सोडून काही उडवलेलं नाही. हातात ते वजन आलं आणि आपोआप पाठ ताठ झाली. पहिली गोळी सुटली तेव्हा तळहातापासून खांद्यापर्यंत झणका गेला आणि मी वेड्यासारखा हसलो. सहा संपल्या तेव्हा सातवी हवी होती. घरी येताना स्कूटरवर मी जरा छाती काढूनच बसलो होतो. एका रिक्षावाल्याने कट मारला, तर मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणूनच म्हणतो, ही ओढ खोटी नाही. ज्याला ती कळते त्यानेच तिला भ्यायला हवं.

पण भितंय कोण? परवान्याच्या अर्जात कारण लिहावं लागतं. सगळे लिहितात, जिवाला धोका. ज्यांच्यामुळे अख्ख्या आळीच्या जिवाला धोका, त्यांच्याच जिवाला म्हणे धोका! मग ते कमरेला लावून लग्नात नाचायचं, वाढदिवसाला केकशेजारी ठेवायचं, फोटो काढायचे. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू चालते कशी, हे शिकायला यांना अर्धा तास नाही. कुकर घेतला तर त्याची पुस्तिका वाचतात हो माणसं!

यंदा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी हिंजवडीचा सुदर्शन आला. चाळिशीचा, पांढरा कडक शर्ट, वाकून काकांच्या पाया पडणारा. जमीन आयटी कंपनीला गेली, आता तीन हॉस्टेलं चालवतो. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. मार्चमध्ये त्याने श्यामरावांकडून बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं, तेव्हा ओव्हाळांनीच त्याचा हात मुठीवर बसवून दिला होता. नंतर दोन रविवार क्लबात या, असं बजावलंही होतं. तो एकदाही आला नाही. दुपारी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवत म्हणाला, "काका, ह्ये सिलिंडर उघडंना झालंय. पूजेचं कायतरी गेलं असंल. मंडळींना दगडूशेठला दर्शन करून आणतो, तवर बघा." आणि गेला.

चार वाजता मी नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलाशी चहाला गेलो. ओव्हाळ चहाला हात लावत नव्हते. त्यांच्यासमोर बशीत एक काडतूस होतं.

"ही गोळी आत होती," ते म्हणाले. "हळद आणि तेलाचा चिखल झालाय आत. त्यात चिकटून बसली होती."

काडतुसाच्या बुडावर बारीकसा खळगा होता. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. चाप ओढला की मागचा घोडा सुटतो, त्याची टोकदार पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि गोळी उडते. इथे पिन आपटली होती, पण हलकीच. घोड्याच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा अडकला होता. त्याचं पीठ झालेलं त्यांनी मला चिमट्यावर दाखवलं.

"म्हणजे भरलेल्या घरावर कुणीतरी चाप ओढलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात सुदर्शन एकटाच आला. बायको दर्शनाच्या रांगेतून येतेच आहे म्हणाला. ओव्हाळांनी बशी झाकली आणि विचारलं, "पूजेनंतर हे कुणी हाताळलं होतं?"

"मीच की! व्हिडिओ हाय ना." त्याने हौसेने फोन काढला. "स्टेटसला टाकलावता. लई लोकांनी बघितला."

आम्ही दोघांनी बघितलं. हॉलमध्ये पाट, पाटावर रिव्हॉल्व्हर, शेजारी मांडलेली काडतुसं, फुलं. हिरव्या पैठणीतली त्याची बायको ओवाळते, अक्षता टाकते. मग सुदर्शन रिव्हॉल्व्हर उचलतो, एक डोळा बारीक करतो आणि दोन हातांवर तिच्या छातीवर रोखतो. मागून कुणीतरी ओरडतं, "वहिनी, हात वर!" ती तबकासकट हात वर करते आणि खळखळून हसते. टक् असा आवाज येतो. सगळे हसतात.

ओव्हाळांनी बशीवरचं झाकण काढलं.

मग सुदर्शनकडून एकेक बाहेर आलं. पूजेला ते भरलेलंच ठेवायचं, असं त्याच्या चुलत्यांनी सांगितलं होतं. रिकाम्या हत्याराची पूजा करू नये म्हणे. कुंकू, हळद, तेल, सगळं भरलेल्या रिव्हॉल्व्हरवर लावलं. मग ओवाळण्याआधी याने सिलिंडर उघडून ते उलटं केलं. पाच पडल्या, त्या पाटावर मांडल्या. सहावी निर्माल्यात गेली असेल असं वाटलं, म्हणाला. आत डोकावून बघितलं नाही.

त्याने काडतूस उचलून बुडावरच्या खळग्यावर बोट फिरवलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मला वाटलं, आता हा माणूस रडेल. आमची तशी अपेक्षा होती.

"पन उडली न्हाई ना," तो म्हणाला. "देवाची कृपा." मग गळा साफ करून, हळू आवाजात, "काका, मंडळींना बोलू नका. घाबरंल ती. आन् ह्ये परवापतूर करून द्या. मेव्हण्याचा साखरपुडा हाय."

माझ्या हातातला कप मी आपटला. ज्या खोटीमुळे बायको जिवंत राहिली ती खोट या गृहस्थाला दुरुस्त करून हवी होती, आणि तीही साखरपुड्याच्या मुहूर्तावर!

"मी नाही करणार," ओव्हाळ म्हणाले.

पुढून श्यामराव खाकरले. "ओव्हाळ, लायसन्स त्यांचं आहे, वस्तू त्यांची आहे. आपण घाण काढून द्यायची. त्यांच्या ओळखीने दहा गिऱ्हाइकं येतात."

"उद्या ती दहाही यांच्या घरच्या मयताला येतील," ओव्हाळ म्हणाले. "माझा हिशेब आज करा हवं तर. हा हात मी बसवून दिलाय. हे त्या घरात परत जाणार असेल, तर माझ्या टेबलावरून जाणार नाही."

नेमक्या त्याच वेळी ती आली. पूर्वा तिचं नाव. प्रसादाची पिशवी हातात, चेहरा उन्हाने लाल. तिने आधी ओव्हाळांना, मग मला, मग श्यामरावांना पेढा दिला आणि विचारलं, "झालं का वो काम?" सुदर्शन तिच्या पाठीमागून ओव्हाळांना डोळ्यांनी विनवत होता. श्यामराव वहीत डोकं घालून बसले होते. मी गप्प राहिलो. कुणाच्या संसारात आपण कशाला पडा, हे आम्हा पुणेकरांचं जुनं दुखणं. बोलायचं तिथे आम्ही नेमके मोजून बोलतो.

ओव्हाळांनी तिला खुर्ची दिली. "बाई, आपण बसा," ते म्हणाले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पिन, दाणा, खळगा, सगळं.

तिने नवऱ्यापुढे फोनसाठी हात केला. व्हिडिओ पहिल्यापासून लावला आणि काडतूस दुसऱ्या तळहातावर घेऊन बघत बसली. टक् झाल्यावर तिने तो थांबवला.

"मी हासतीय," ती म्हणाली. "बघा की. मी किती हासतीय."

मग तिने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि ओव्हाळांना विचारलं, "काका, आत हाय का न्हाई, ते कसं बघायचं? मला दावा."

ओव्हाळांनी तिला रिव्हॉल्व्हर दिलं. नळी भिंतीकडे. बोट चापापासून लांब. सिलिंडर बाहेर काढायचं, उलटं करायचं, मग प्रत्येक घरातून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं, आणि तरीही प्रत्येक घरात करंगळी घालून बघायची. सहाच्या सहा. तिने तसं केलं, पहिल्यांदा घाबरत, दुसऱ्यांदा मोठ्याने मोजत. करंगळीला हळद लागली होती. चाळीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी आधी हे विचारलं, असं ओव्हाळ नंतर मला म्हणाले. बाकी सगळे उडतं कसं तेच विचारतात.

"आता आपण," त्यांनी ते सुदर्शनकडे दिलं.

सुदर्शनने झटक्यात सिलिंडर उघडलं, रिव्हॉल्व्हर उलटं केलं, हलवलं. काही पडलं नाही. त्याने ते खटकन बंद केलं. "रिकामं हाय," तो म्हणाला.

"आत बघितलं न्हाई तुमी," पूर्वा म्हणाली.

तिने त्याच्या हातातून ते काढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, हे इथेच ठेवता येतं का. ओव्हाळ म्हणाले, दुकानात ठेव म्हणून ठेवता येतं, पोलिसांना कळवायचं, फॉर्मवर परवानेवाल्याची सही लागते. श्यामरावांनी, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, स्वतःहून फॉर्म पुढे सरकवला.

"घरी बोलू आपन," सुदर्शन म्हणाला.

"हितंच बोला."

"अगं, परवा साखरपुडा हाय. सगळ्यांना ठावं हाय माझ्याकडं हाय म्हणून. कंबर मोकळी दिसली तर लोकं काय म्हंतील?"

तिने पेनाचं टोपण काढलं आणि पेन त्याच्या बोटांत दिलं.

"लोकं माझ्या दहाव्याला आली असती," ती म्हणाली. "त्यावेळी काय म्हनली असती, त्ये सांगा आदी. सांगता आलं तर सही करू नका."

त्याने सही केली.