अर्ध्या पुस्तकांचा संसार

बसणं मला जमतं, पण बसल्या जागी गाव बदललं पाहिजे. उभा जन्म टेम्पो चालवला मी. कोपरगावकडचा कांदा उचलायचा, श्रीरामपुरात टेकायचं, दुसऱ्या दिवशी खताच्या गोण्या घेऊन पार खर्ड्यापर्यंत जायचं. दिवस दिवस स्टिअरिंगमागं बसलो, पण कंबर दुखली म्हणून कधी तक्रार केली नाही. आणि आता हे असं. बीपीनं किडन्या खाल्ल्या, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी दवाखान्यात एका कॉटवर चार-चार तास पडायचं आलं. डाव्या हातात दोन जाड सुया, शेजारी गुरगुरणारं मशीन, आणि नळीतून बाहेर जाणारं आपलंच रक्त.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पूर्ण चार तास. मध्येच उठलात तर अंगातलं पाणी अंगातच राहील आणि एक दिवस छातीत भरेल. मग माझ्याकडे धावत येऊन उपयोग नाही." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

पहिला तास बरा जातो. दुसऱ्या तासाला पाय वळवळायला लागतात. पंखा बघायचा, घड्याळ बघायचं, परत पंखा. तिसरा तास लागला की मी हाक मारायचो, "सिस्टर, काढा सुया. बास झालं आज." त्या समजावायच्या, चिडायच्या, डॉक्टरांना फोन लावायच्या. मी आडमुठा. जीव माझा, रक्त माझं, काढा म्हटलं की काढा. मोबाईलही करून बघितला. अंगठ्यानं सरकवत राहायचं, सरकवत राहायचं, आणि कुठंच पोचायचं नाही. त्यानं मन उलट जास्तच उचल खायला लागलं.

तेव्हा बायको म्हणाली, "पुस्तक वाचा की. शाळेत असताना लई वाचायचा म्हनं तुमी." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत पिशवी घेऊन गावातल्या वाचनालयात गेली सुद्धा. तिथल्या बाईंनी विचारलं, कोणत्या प्रकारचं देऊ? कादंबरी, चरित्र, काय आवडतं त्यांना? ही म्हणाली, "ते मला न्हाई ठावं. मानूस जागचा हलनार न्हाई, असलं द्या."

पहिलं आलं ते एका मोठ्या अधिकाऱ्याचं आत्मचरित्र. हे एवढं जाड. एका हाताला सुया, म्हणजे दुसऱ्या एकाच हातानं धरायचं, अंगठा पानांत खुपसून. गडी जन्मल्यापासूनच शहाणा. शाळेत पहिला, कॉलेजात पहिला, नोकरीतही पहिला. अरे, एकदा तरी पंक्चर हो की! ते मी मिटलं. मग ऐतिहासिक कादंबरी आली. तिच्यात खर्ड्याचा किल्ला निघाला, म्हटलं वा, आपल्या ओळखीचं ठिकाण. त्या तटाच्या सावलीला टेम्पो लावून किती वेळा भाकरी खाल्ली असेल मी. पण लेखकानं त्याच्यावर शब्दांचा असा काही साज चढवला की मला माझाच किल्ला ओळखू येईना. पानभर नुसती पगडी. प्रवासवर्णन तर जीवघेणं. मी इथं दावणीला बांधलेला आणि हा बाबा बर्फात हिंडतोय! मला आनंद झाला नाही, हेवा वाटला, सरळ सांगतो.

विनोदी पुस्तक चांगलं होतं, पण हसलो की हात हलायचा, मशीन बोंबलायचं आणि सिस्टर धावत यायच्या. भुताच्या गोष्टींत रक्त, रक्त म्हणून भिववत होते. इथं माझं सगळं रक्त शेजारच्या डब्यातून फिरतंय, मी काय भिणार, डोंबल? एका हाताला हलकं म्हणून कवितांचं पुस्तक मीच मागवलं. दोन-तीन कविता आवडल्या, अगदी मनापासून आवडल्या. पण कविता संपली की डोकं वर निघतं, आणि डोकं वर निघालं की घड्याळ दिसतं. रहस्यकथेनं मात्र धरून ठेवलं होतं. निम्म्यात आल्यावर मी मनाशी ठरवलं की खून कारभाऱ्यानंच केलाय. ठरलं ना? मग पुढं कशाला वाचायचं? "सिस्टर, काढा सुया."

अशी ती अर्धी अर्धी पुस्तकं घरी यायची. मी पानाचा कोपरा दुमडून ठेवायचो आणि बायकोला म्हणायचो, "परत देऊन टाक, दुसरं आण."

इथं एक सांगायला हवं. माझ्या बायकोनं आयुष्यात पोथीशिवाय दुसरं काही वाचलेलं नव्हतं. पोथी मात्र झकास वाचते. श्रावणात गल्लीतल्या बायका आमच्या ओसरीवर ऐकायला बसतात. आणि पोथीचा एक नियम तिच्या हाडीमाशी मुरलेला, की एकदा उघडलेली पोथी पुरी केल्याशिवाय मिटायची नाही. अर्धी राहिली की घराला लागते. तिच्या माहेरी तसं झालंही होतं. तिची आई पारायणाच्या मध्येच बाळंतपणाला उठली, ती परत पाटावर बसायला आलीच नाही. ही तेव्हा लहान होती. त्यामुळं ह्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची सोय नाही, मी कधी घातलाही नाही.

पण एकदा दुपारी मी घरी येऊन बघतो तर काय! देवापुढं पाट मांडलेला, पाटावर ती रहस्यकथा, उदबत्ती लावलेली, आणि ही डोक्यावर पदर घेऊन मी दुमडलेल्या कोपऱ्यापासून पुढं मोठ्यानं वाचतेय. सूर पोथीचाच. इन्स्पेक्टर जीपमधून उतरला, तेही त्याच सुरात.

"अगं, खुनाचं पुस्तक आहे ते! खुनाच्या पुस्तकाला उदबत्ती?"

तिनं हात वर करून मला थांबवलं, पान पुरं केलं, मग म्हणाली, "पोथीत काय खून नसत्यात व्हय? अर्धं घेऊन आलाय तुमी. मी असं परत न्हाई देनार."

पुस्तक संपल्यावर तिनं त्याला नमस्कार केला आणि माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली. मी हसून हसून बेजार. पण साखर खाता खाता मला राहवेना. "काय झालं मग त्या कारभाऱ्याचं?"

"त्यानं न्हाई केला. सुनंनं केला. पन तिचं बरोबरच हुतं."

"बरोबर कसं? म्हातारा किती भला होता!"

"भला? कवा?"

मग मी तिला आधीचं निम्मं सांगितलं. तिनं मला नंतरचं निम्मं. आमचं भांडण जुंपलं, चहा गार झाला. असं मग प्रत्येक पुस्तकाचं व्हायला लागलं. सगळ्या गोष्टींची सुरुवात माझ्याकडं आणि शेवट तिच्याकडं. सदा पहिला येणारा तो अधिकारी म्हातारपणी मुलाशी बोलायला तरसला, हे मला तिनं सांगितलं, आणि मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदा माया वाटली. भुताच्या पुस्तकातलं भूत तिला बिचारं वाटलं. विज्ञानकथा तर तिनं मान डोलवत वाचली. दुसऱ्या ग्रहावर माणसं जातात ह्यात तिला काहीच नवल वाटलं नाही, देव पूर्वीपासून जातातच की. आमच्या लग्नापासून आम्ही दोघं इतकं कधी बोललो नसू. मी आपला रस्त्यावर, ती घरात. एवढ्या वर्षांत ही बाई इतकी मजेशीर आहे हे मला ठाऊकच नव्हतं, आणि ह्याचं मला फार वाईट वाटलं.

पण माझा स्वभाव कुठं जातोय? जित्याची खोड ती. गोष्ट घरी आयती मिळायला लागली, मग मी दवाखान्यात तरी कशाला पडून राहू? उलट आता मला घरी यायची घाई. तिसरा तास लागायच्या आतच मी "काढा" म्हणायला लागलो. बायको बाहेरच्या बाकावर असायची. तिला सांगायचो, आज लवकर आटोपलं. तिला वेळ कळत नव्हती असं नाही. पण मी पिशवी उचलून जिना उतरायला लागलेला असायचो.

ऊन तापायला लागलं होतं. तहान आवरत नव्हती. पाणी मोजून प्यायचं म्हणून सांगितलेलं, पण माठ समोर असला की कसलं मोजणं! एका रविवारी दुपारी जेवताना पहिला घास घेतला आणि श्वास खालीच जाईना. वर यायचा, खाली जायचा नाही. मरण मरण म्हणतात ते हेच, असं वाटलं. रिक्षात मी बसूनच होतो, आडवं होता येत नव्हतं, आणि शेजारी ही माझ्या चपला हातात धरून. घालायचं सुचलंच नाही कुणाला.

दवाखान्यात डॉक्टर तिच्यावरच ओरडले. "वहिनी, तुम्हाला कळत नाही का? हे असे उठून जातात आणि तुम्ही खुशाल घरी घेऊन जाता?" ती उभीच, चपला तशाच हातात. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तिची काही चूक नाही, उठणारा मी आहे, एवढंच मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं. मला रडू आलं. मास्कमध्ये रडलेलं कुणाला दिसत नाही, ते एक बरं.

घरी आल्यावर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. त्या आधी मी एक कादंबरी अर्धी टाकली होती, समुद्रावरची. शिडाचं एक जहाज मधल्या समुद्रात जातं आणि वाराच पडतो. जहाज हलत नाही. पानामागून पानं हलत नाही! मी वैतागून सोडून दिलेली. दुपारी ती कादंबरी पाटावर दिसली. पण उदबत्ती नव्हती, आणि ही स्वयंपाकघरात.

"वाच की," मी म्हणालो. "सुटलं का ते जहाज?"

"मी न्हाई वाचनार."

मला वाटलं रुसली. म्हटलं, "बरं, उद्या वाच."

"उद्या बी न्हाई. मी पुरी करत गेले म्हनून तुमी उठत गेला. आता तुमीच पुरी करा. तिथं पडून."

माझं डोकं तापलं. आजारी माणसाला घरातच अटी? म्हणालो, "आणि नाही केली तर?"

"तर ऱ्हाईल अर्धी. घरात."

"आणि घराला लागली म्हणजे?"

"लागू द्या," ती म्हणाली. भाकरी थापता थापताच म्हणाली, माझ्याकडं बघितलंही नाही. "तुमीच उठून जायला निघालाय. आनखी काय लागायचं ऱ्हायलंय?"

त्या संध्याकाळी ती ताटावर बसली, पण भाकरीचा तुकडा नुसताच कुस्करत राहिली. मधूनच देवाकडं बघायची आणि नजर वळवायची. मला आधी राग आला होता, आता भीती वाटायला लागली. माझ्या मरणाची नव्हे. ही बाई ह्या भीतीला अजून किती दिवस घरात घेऊन बसणार, ह्याची.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक घेऊन कॉटवर पडलो. सिस्टरनी सुया लावल्या. जहाज तिथंच होतं. कप्तान खलाशांकडून घासलेलंच लाकूड परत घासून घेत होता. खलाशी एकमेकांवर गुरगुरत होते. पुस्तकानं मला सगळं पार विसरायला लावलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पाय वळवळतच होते. कंटाळवाणं होतं तिथं कंटाळवाणंच होतं, मी लेखकाला मनातल्या मनात शिव्याही घातल्या. पण त्या जहाजावर एक स्वयंपाकी होता. दाणागोटा संपत आलेला, आणि तो रोज खलाशांना विचारायचा, आज काय खाणार? मग कुणी आईच्या हातचं सांगायचं, कुणी बायकोच्या. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा आणि तीच पेज वाढायचा. त्या पानांना मात्र मी वर बघितलं नाही.

तिसरा तास लागल्यावर सिस्टर सवयीनं कॉटपाशी येऊन उभ्या राहिल्या. "काढायच्या?"

"नाही," मी म्हणालो. "राहू द्या."

त्यांनी मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गेल्या. पुढचे दोन तास फार लांब होते. बोटं आखडली, पुस्तक छातीवर टेकवलं, तसंच वाचलं. शेवटी मशीन आपणहून वाजलं, तेव्हा मला आधी ते बिघडलंय असंच वाटलं, कारण ते कधी असं वाजलेलं मी ऐकलंच नव्हतं.

बाहेर आलो. बाकावरून ती उठली. तिनं आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग मला.

"संपलं?"

"न्हाई गं," मी म्हणालो. त्या दिवशी तिच्यापुढं माझी बोली आपोआप घरची झाली. "पुरा येळ पडून हुतो. पन वाराच सुटंना त्या जहाजाला. लई राहिलंय अजून."

तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. दुमडलेला कोपरा बोटानं चाचपला. घरी गेल्यावर पाट मांडायला लागेल, उदबत्ती लावायला लागेल, असं मला वाटलं. तिनं ते पिशवीत डब्यावर ठेवलं आणि माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या की अर्धं," ती म्हणाली. "परवा यायचंच हाय आपल्याला."