ती धून पाइप-मेजरनी वाजवली नाही

“एकटेपणाने भ्रमिष्ट झालेल्या त्या कॅनेडियन म्हाताऱ्याने एका शुक्रवारी भरदुपारी, मद्याच्या अमलात, अराद किल्ल्याजवळ स्वतःच्याच अंत्ययात्रेची धून वाजवली आणि घरी येऊन प्राण सोडला. साऱ्या अरादने ती ऐकली.”

बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत हे छापून आले आहे. लिहिणारे गृहस्थ त्या काळी मनामातल्या एका बँकेत होते, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत राहत, आणि अरादला कुणी जेवायला बोलावले तरच येत. मी त्या कॅनेडियनाच्या शेजारी, एका भिंतीच्या अंतरावर, राहत होतो. साऱ्या अरादने ती धून ऐकली, हे शेवटचे वाक्य खरे आहे. मीही ऐकली. बाकीच्या मजकुराविषयी मला बोलायचे आहे, कारण त्यात एका सच्च्या माणसाने आपला शब्द मोडला असे म्हटले आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. मी जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात भांडारप्रमुख होतो आणि माझे हे कॅनेडियन शेजारी तिथेच आग विझवण्याचे शिक्षण देत. त्याआधीचे आयुष्य त्यांनी कॅनडाच्या एका पलटणीत बॅगपाइप वाजवण्यात घालवले होते. पलटण कॅनडाची, पण परंपरा स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची. म्हणून चौकड्यांचा घागरा आणि म्हणून पाइप. वादकांच्या प्रमुखाला पाइप-मेजर म्हणतात. पलटण पुढे मोडली, तिचे निशाण एका चर्चमध्ये टांगले गेले. असे टांगलेले निशाण धूत नाहीत, शिवत नाहीत. ते विरत विरत धूळ होऊ द्यायचे, असा तिथला रिवाज. ते म्हणत, “निशाण विरतं आहे तोवर पलटण आहे.” आणि पलटण आहे तोवर ते पाइप-मेजर. कुणी ‘मिस्टर’ म्हटले तर उत्तर देत नसत.

वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचे कागदी लाल फूल छातीवर लावून ते पूर्ण पोशाखात किल्ल्यापर्यंत चालत जात. माझ्या खालच्या खोलीत मालवणचा एक ड्रायव्हर राहायचा. तो जिन्यात उभा राहून विचारी, “अण्णा, तुमचो सायब घागरो नेसून खंय चललो? लगीन ठरला की काय?” मी म्हणे, “तुझ्या युनिफॉर्मला इस्त्री नसते. त्यांच्या घागऱ्याची घडी बघ आणि मग बोल.”

आमची ओळख झाली ती पत्तीमुळे. बॅगपाइपच्या सुराच्या नळीत वेताची एक दुहेरी पत्ती बसवलेली असते. ती नसेल तर पिशवीत कितीही हवा भरा, बाकीच्या नळ्या नुसत्या घुमतील, धून उमटणार नाही. आमच्या गावच्या देवळात सनई वाजवण्याचा मान पिढ्यानपिढ्या आमच्या घरात आहे, आणि सनईचा प्राणही तिच्या पत्तीतच असतो. मी शिकून नोकरीला लागलो, पण पत्ती घासणारा हात वडिलांनी मला दिलेला होता. बहरीनच्या उन्हाळ्यातली दमट हवा वेताला सोसत नाही. त्यांच्या पत्त्या एकामागून एक फुगून फुटल्या आणि शेवटी एकच उरली. ती ते काडेपेटीत ठेवत. बिघडली की मी घासून द्यायचो, फुंकून ते पाहायचे.

फुंकून मी कधी पाहत नसे, याला कारण होते. आमच्या घराण्यात दुसऱ्याची पत्ती ओठांत धरत नाहीत. वाजवणारा गेला की त्याची पत्ती प्रथम मुलाने ओठांत धरायची. तिथून वाद्य मुलाचे. जिवंत माणसाच्या पत्तीला ओठ लावणे म्हणजे त्याला मेला धरणे, म्हणून कुणी लावत नाही. हे मी पाइप-मेजरना सांगितले तेव्हा त्यांनी काडेपेटी बंद करून खिशात ठेवली. मग म्हणाले, “आमच्याकडेही एक गोष्ट आहे.”

ती गोष्ट अशी. त्यांच्या पलटणीची शोकधून फक्त पलटणीतल्या मृतासाठी वाजवायची. पाइपवर तिचा सराव करायचा नाही. सराव काठीवर, नुसत्या बोटांनी, आवाजाविना. वाजवणारा कबरीपाशी उभा राहतो आणि मग वाजवत वाजवतच पाठ फिरवून चालू लागतो. धून संपत नाही, ती दूर जाते. आणि ज्याने ती स्वतःसाठी किंवा नशेत वाजवली, त्याच्या कबरीपाशी पलटणीचा कुणीही पाइपवाला उभा राहत नाही. ती तशी वाजवणार नाही, असा शब्द प्रत्येक पाइपवाल्याने दिलेला असतो.

कित्येक संध्याकाळी मी त्यांना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत मांडीवर काठी घेऊन बसलेले पाहिले. बोटे उठत, पडत. सूर नाही, श्वास नाही. सनईवाल्याच्या मुलाला बोटांवरून धून वाचता येते. न ऐकताच मला ती पाठ झाली.

त्या ऑगस्टमध्ये माझे कुटुंब गावी होते. गुरुवारी ऑफिस सुटल्यावर पाइप-मेजर माझ्या दाराशी आले. ओठ निळसर दिसत होते. त्यांनी काडेपेटी माझ्या हातात ठेवली.

“पुन्हा घोगरी झाली आहे.”

“दोन दिवसांत देतो.”

“या खेपेला तुम्हीच फुंकून पाहा. माझ्या छातीत फुंकर उरली नाही.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“डॉक्टर पाइप वाजवत नाही,” ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या दाराकडे गेले. दारूचा वास नव्हता. घसा सुकला की ते पुदिन्याची गोळी चघळत, तिचा वास होता.

कोकणात माणसे रात्रीपेक्षा भरदुपारला अधिक घाबरतात, आणि बहरीनच्या ऑगस्टातली शुक्रवारची दुपार पाहिल्यावर ते का हे मला कळले. नमाज आटोपून माणसे घरात गेलेली. रस्त्यावर सावली नाही, कुत्रे नाही. हवेत पांढरी वाफ, किल्ला तिच्यात अर्धा विरघळलेला. वातानुकूलित यंत्रांची घरघर अचानक थांबली. वीज गेली होती. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून पहिला सूर निघाला.

मी ती धून कधीच ऐकली नव्हती, तरी माझी बोटे तिच्याबरोबर हलू लागली. एकही बोट चुकले नाही. सूर व्हरांड्यातून अंगणात आला, माझ्या खिडकीखालून गेला. मी खाली पाहिले. रस्ता रिकामा होता. सूर मात्र माणसाच्या चालीने, संथ, किल्ल्याच्या दिशेने चालला होता. किल्ल्याला वळसा घालून तो ओहोटीच्या चिखलावर उतरला, आणि पाणी जिथे सुरू होते तिथेही थांबला नाही.

ड्रायव्हर धावत वर आला. “अण्णा, आयकलात?”

“ऐकलं. मेलेल्या माणसासाठी वाजवतात ती धून आहे.”

“मगे मेलो कोण?”

आम्ही दोघे शेजारी गेलो. पाइप-मेजर खुर्चीत होते. मांडीवर काठी, काठीवर बोटे, त्या धुनेच्या शेवटच्या सुरावर. पाइपची पेटी पलंगाखाली, पट्टा लावलेली. पुढे डॉक्टर आले. अशा उष्म्यात मृत्यूची वेळ सांगता येत नाही, एवढेच ते म्हणाले.

‘मेलेल्या माणसासाठी वाजवतात ती धून’ हे माझे शब्द ड्रायव्हरने मनामात नेले. तिथे स्मरणिकेत लिहिणाऱ्या त्या बँकवाल्यांनी त्यांत मद्य घातले, किल्ला घातला, भ्रम घातला. किल्ल्याजवळ पाइप-मेजरना पाहिले असे सांगणारा माणूस मी घरोघर शोधला. ऐकणारे सगळे होते, पाहणारा एकही नव्हता.

त्यांची मुलगी कॅनडाहून आली. मी तिला भेटलो, तेव्हा बँकवाले तिला आधीच भेटून गेले होते.

“काका,” ती म्हणाली, कारण वडिलांनी तिला माझ्याविषयी तसेच सांगितले होते, “त्यांनी खरंच ती स्वतःसाठी वाजवली?”

“नाही. पत्ती माझ्याकडे होती.” मी काडेपेटी पुढे केली.

“मग वाजवली कोणी?”

मी काडेपेटी उघडून पत्ती दाखवली. बँकवाल्यांच्या गोष्टीत वाजवणारा होता, माझ्या गोष्टीत नव्हता. तिने त्यांची गोष्ट उचलली, पलटणीतल्या जुन्या सोबत्यांना ती तशीच सांगितली, आणि पाइप-मेजरना मूठमाती मिळाली तेव्हा पाइप वाजला नाही. आज ती स्वतः आजी आहे, आणि अजूनही तेच मानते.

स्मरणिका हाती आल्यावर मी बँकवाल्यांना फोन केला.

“अहो अण्णा, पत्ती तुमच्याकडे दिली होती हे मान्य,” ते हसत म्हणाले. “पण सकाळी तुम्हीच नेऊन दिली असणार. विसरलात. वय झालं आता.”

“वय तुमचं झालं. माझी फक्त वर्षं झाली.”

“बरं. मग वाजवली कोणी, ते तरी सांगा.”

तो प्रश्न माझा नाही. ज्यांना भुते हवीत त्यांनी ती खुशाल शोधावीत. पाइप-मेजरनी शब्द मोडला की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचा निकाल लावणारी वस्तुस्थिती मी आजवर कुणालाही, घरातही, सांगितली नाही. का नाही, ते आमच्या घराण्याची रीत ज्यांनी वर वाचली त्यांना कळेल. पत्ती घासून झाली होती. ती बोलते की नाही हे पाहण्याचा एकच मार्ग असतो, आणि तशी त्यांची परवानगी होती. भिंतीपलीकडून पहिला सूर निघाला, तेव्हा पाइप-मेजरची पत्ती माझ्या ओठांत होती.