मंगळवारी मी ऑफिसात होते

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याचं जेवण झालंय का ते विचारते. इथले भुताखेतांचे अनुभवही मी मजा म्हणून वाचते... बहुतेकांमध्ये लाईट गेलेली असते. माझ्या वेळी मात्र फेब्रुवारीतलं लख्ख ऊन होतं आणि आजूबाजूला शे-दोनशे माणसं होती. म्हणूनच जास्त अडचण झाली.

कराडजवळच्या एका मेडिकल कॉलेजच्या रिसर्च ऑफिसात माझी पहिलीच नोकरी. संशोधनाचं मोठं अनुदान कॉलेजला मिळतं, त्यातला वाटा आम्ही खेड्यापाड्यातल्या छोट्या संस्थांना देतो. त्याला म्हणतात सब-अवॉर्ड. अवॉर्ड हा शब्द आल्यामुळे आमचे साहेब प्रत्येक कराराला शाल-श्रीफळ ठेवायचे. शाल संपली की पुढचं वर्षभर 'काम कुठवर आलं' असे ईमेल पाठवणं माझ्याकडे.

अशीच एक संस्था म्हणजे जत तालुक्यातलं नंदाताईंचं आरोग्य केंद्र. नंदाताई निवृत्त नर्स, बोलायला तिखट. त्यांच्याकडचं काम असं, की मेंढपाळ कुटुंबातल्या तान्ह्या मुलांची वाढ नोंदवायची आणि वर्षाची झाली की वजनं घ्यायची. प्रोजेक्ट लिहिणाऱ्या विद्वानांनी मेंढपाळ निवडले आणि ते घरी सापडतील असं गृहीत धरलं. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरं घेऊन आमच्याकडच्या पाण्याच्या मुलखात येतात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. वजनं महिनाअखेरीस हवी होती. नाही झाली तर सब-अवॉर्ड बंद, आणि त्याबरोबर केंद्रही बंद. त्या भागातल्या बायकांना बाळंतपणासाठी जवळ दुसरी जागा नव्हती.

मी फोनवर म्हणाले, "ताई, सगळ्यांना एक नोटीस काढू या का?"

"आवं बाई, नोटीस लावू कुठं? मेंढीच्या शिंगाला?"

मग त्यांनी मला समजावलं. मेंढपाळांचा तळ कुणाच्या सांगण्यानं हलत नाही. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो. लेंडीखत शेताला, धान्य तळाला. पण आवतण माणसानं समोर जाऊन, तोंडानं द्यायचं. फोनवरच्या आवतणाला कुणी उठत नाही.

"माझा गुडघा ह्यो असा. एक रान ठरवून समद्या तळांना आवतण द्यायला तुमी जाता का?"

"बघते," मी म्हणाले. आमच्या ऑफिसात हे क्रियापद फार चालतं.

मी गेले नाही. जाणार कशी? तळ विखुरलेले, एक पाटणकडे, एक कराडच्या नदीकाठी, एक पार मसूरच्या पुढं. शिवाय मंगळवारी साहेबांची 'उत्कृष्टतेकडे वाटचाल' अशी दिवसभराची सभा होती. मी आईची जांभळी साडी नेसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुष्पगुच्छांचं तबक धरून उभी होते. उत्कृष्टता कुठवर आली ते कळलं नाही, पाय मात्र दुखले.

शुक्रवारी केंद्राचा करार रद्द करायचं पत्र टाईप करत होते, मन लागत नव्हतं. तेवढ्यात नंदाताईंचा फोन.

"बाई, उंब्रजला या. काटा घिऊन मी यष्टीनं आलीया हितं. सगळे तळ एका रानात आलेत. लय भारी काम केलंसा."

"मी काय केलं?"

"आता लाजताय व्हय?" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

स्कूटी काढून गेले. हायवेपासून जरा आत ऊस तुटून गेलेलं रान, आणि रानभर मेंढरं. बांधावर चुली पेटलेल्या, घोड्यांच्या पाठीवर कोंबड्या बांधलेल्या. बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत एक गुटगुटीत पोर बसलेलं, आणि भोवती बायकांची ही गर्दी. "माझ्याचं बघा की", "हिचं कसं जास्त भरलं, दगड घातलाय का झोळीत?" असा कल्ला. नंदाताई घामाघूम होऊन हसत होत्या. मी कॉलेजात इतकी आनंदी डेटा एन्ट्री कधी पाहिली नव्हती.

मला बघताच एक म्हातारी पुढं आली. "आल्या बगा बाई. मंगळवारी तुमी बोलावलंसा, आमी आलो."

"आजी, मी नव्हते ओ."

"आवं, असं कसं? जांभळं लुगडं व्हतं. माझ्या नातवाला कडंवर घेतलंसा, त्यानं तुमचा चष्मा वढला, दांडी वाकली. ह्ये बगा, वाकडीच हाय की अजून."

मी चष्मा काढून पाहिला. मंगळवार रात्रीपासून तो नाकावर तिरका बसत होता. मला वाटलं, झोपेत दबला असेल. आजीचा तळ पाटणचा. नदीकाठच्या आणि मसूरच्या बायकाही आल्या, मंगळवार, जांभळी साडी, तीच बाई. मी मोबाईलवरचा सभेचा फोटो दाखवला. तबक, पुष्पगुच्छ, मागे बॅनर.

आजीनं निरखून बघितलं. "व्हय, ह्याच. पण हितं लय कटाळल्यागत दिसताय. आमच्याकडं चांगल्या हसत व्हता."

तिचा नातू, जो काट्यावर सगळ्यांना ओरबाडत होता, माझ्याकडं झेपावला आणि खांद्यावर डोकं टाकून गप्प झाला. जुन्या ओळखीसारखा.

रानाचे मालक फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुमीच की घरी आलात. धान्य किती, मुक्काम किती, सगळं ठरवून गेलात. आमच्या सुभेदाराला पण असं बोलता आलं नसतं."

मला जुळी बहीण नाही. माझ्यासारखी दिसणारी आशा सेविका शोधली, नंदाताईंकडे चौकशी केली, हजेरीचं बायोमेट्रिकही तपासलं. मी ऑफिसातच होते. साहेबांनी वार्षिक शेऱ्यात 'क्षेत्रभेटीत पुढाकार' असं लिहिलं. मी खोडून घ्यायला गेले तर म्हणाले, विनय चांगला आहे, पण अति नको. नंदाताईंचं केंद्र चालू आहे. गेल्या महिन्यात तिथं जुळी झाली.

त्या शुक्रवारी रानातून निघताना हवालदारांच्या बायकोनं, काकींनी, मला थांबवलं. "बाई, मंगळवारी चपात्या बांधून दिल्या, ते फडकं तेवढं परत द्या. चांगलं सुती हाय."

घरी सगळी कपाटं उपसली, फडकं काही मिळालं नाही. रविवारी बाजारातून नवं घेतलं आणि नेऊन दिलं. काकींनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"ह्ये आमचं न्हाई," त्या म्हणाल्या. मग त्यातच चार भाकऱ्या आणि ठेचा बांधून माझ्या हातात ठेवला. "ते सापडलं की घिऊन या."

मी बरं म्हणाले.