घाईकायचा घोडा

अयजारकिनच्या सासऱ्यांच्या नावात लोखंड आहे, म्हणून लग्न होऊन तलास खोऱ्यातल्या या गावात आल्यापासून तिच्या तोंडी लोखंड नाही. तेमिरकुल हे त्यांचं नाव ती घेतच नाही. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेणं म्हणजे भरल्या पंगतीत त्यांच्या डोक्यावरची टोपी उडवणं. पण इथल्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड, तेव्हा तो शब्दही गेला. पहार हवी असली की ती दिराला सांगते, "ते काळं जड घेऊन या." आणि दीर बरोबर पहारच आणतो.

नाव घ्यायचं नाही म्हटलं तरी माणसांना काहीतरी म्हणावं लागतंच. इथल्या सगळ्याच सुना नावं बनवतात. बहुतेकींची गाडी 'धाकटे', 'मुल्लाजी' इथवर येऊन थांबते. अयजारकिनची थांबत नाही. आरशासमोरून न हलणारा दीर 'भांगपाड्या'. "मी काही बसत नाही गं" म्हणत दारातच चहाचे वाडगे रिचवणारी चुलत सासू 'उभ्याउभ्या'. आणि सासरे? घराला आग लागली तरी ते आधी दाढीवरून हात फिरवतील आणि विचारतील, "घाई काय आहे?" म्हणून ते 'घाईकाय'. तोंडावर अर्थात फक्त 'बाबा'. बाकीची नावं चालायची ती घेवडा निवडायला बसलेल्या बायकांत.

घेवडा निवडणं हे कंटाळवाणं काम. चांगला दाणा इकडे, फुटका तिकडे, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत. त्यात अयजारकिन गोष्ट सांगायला लागली की प्रत्येकाचा आवाज काढायची, आणि बायका अशा हसायच्या की फुटके दाणे चांगल्या पोत्यात जायचे. शेवटी शेजारची शारबानू म्हणाली, "बाई, तू हे लिहून काढ आणि आम्हाला काम करू दे."

त्या हिवाळ्यात तिनं लिहायला घेतलं. गोष्ट ठरलेलीच होती, घोड्याची. सासऱ्यांनी आपला म्हातारा तांबडा घोडा बाजारात विकला होता. वर्षानं नवा घ्यायला गेले. सगळा बाजार पालथा घातला, दात पाहिले, खूर पाहिले, घोड्याला चालवून पाहिलं, आणि दिवस कलल्यावर एक तांबडा घोडा पसंत केला. आयाळ कातरलेली, अंग गुबगुबीत. तो विकलेलाच घोडा होता. वाटेत त्याचा लगाम ओढायची वेळ आली नाही. तो आपणहून गल्लीत वळला, फाटकातून आत शिरला आणि जुन्या खुंटावर मान घासत उभा राहिला. सासरे अभिमानानं म्हणाले, "हुशार जनावर आहे. घर लगेच ओळखलं." घरातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि त्यानंतर या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

पहिल्या खेपेला अयजारकिननं सुरुवात सूर्योदयापासून केली. बर्फाची शिखरं, सोनेरी किरणं, पाखरांचा किलबिलाट. शाळेच्या पुस्तकात गोष्टी अशाच सुरू होत. शारबानूला वाचून दाखवलं, तर ती जांभई देत म्हणाली, "घोडा कधी यायचाय?" अयजारकिननं सूर्योदय चुलीत घातला. दुसऱ्या खेपेला शेवटी बोध होता, माणसानं गर्व करू नये वगैरे. तोही चुलीत गेला. तिसऱ्या खेपेला उरले फक्त घाईकाय, बाजार आणि घोडा, आणि शारबानूच्या हातातला वाडगा हसण्यानं हिंदकळला. तेव्हा कुठे अयजारकिननं गोष्टीची एक प्रत जिल्ह्याच्या पेपरला पाठवली.

पेपरचे संपादक पूर्वी मास्तर होते, त्यामुळे सगळे त्यांना अजून 'अगाय' म्हणत, आणि तेही अजून शुद्धलेखन घातल्यासारखे बोलत. स्वल्पविराम आला की थांबत. त्यांचा फोन आला तेव्हा अयजारकिन गोठ्यात होती. फोन उचलला सासऱ्यांनी.

अगाय म्हणाले की कथा नौरोजच्या अंकात घ्यायची आहे, परंतु, नायकाला नाव नाही. घाईकाय हे काय नाव झालं? साहित्यात माणूस नावानिशी येतो. या गृहस्थांचं खरं नाव आपल्याला ठाऊक आहे का?

"त्यानं केलंय काय?" सासऱ्यांनी विचारलं.

अगायना आपला आवाज फार आवडतो. त्यांनी अख्खी गोष्ट घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचून दाखवली.

सासऱ्यांनी फोन खाली ठेवला आणि अंगणात जाऊन बराच वेळ घोड्याजवळ उभे राहिले. घरात सगळे कुजबुजायला लागले. सासूबाई, म्हणजे सोनुनबू आपा, अयजारकिनला चुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घाल." अयजारकिननं घातली नाही. दोनदा चुलीत घातलं होतं ते खोटं होतं म्हणून. हे खरं उतरलं होतं, आणि या घरात आल्यापासून फक्त तिचं असं एवढंच होतं. बोलणी खायची तिची तयारी होती. गोष्ट गेली असती, तर मात्र पुन्हा लिहायला हात धजावला नसता.

संध्याकाळी सासऱ्यांनी तिला बोलावलं. चहा ओतला गेला, तळलेले बोर्सोक समोर आले, कोणी हात लावला नाही.

"मी काय चोर आहे?" ते म्हणाले. "पेपरात यायचं तर नावानिशी येईन. टोपणनावाआड कशाला लपू? तेमिरकुल लिही."

आपांना ठसका लागला. "सुनेनं? तुमचं नाव?"

"मी सूट देतो. लिही, पोरी, आणि वाचून दाखव."

म्हणजे सगळंच हातात आलं. सासऱ्यांची परवानगी, अगायचं समाधान, नौरोजचा अंक. अयजारकिननं खोडलं, लिहिलं आणि मान खाली घालून वाचायला लागली. "तेमिरकुल बाजारात गेला. तेमिरकुलनं घोड्याचे दात पाहिले." तिच्या तोंडून ते नाव बाहेर पडताना आपांनी कान झाकून घेतले. ती वाचत गेली आणि तिला ऐकू येत गेलं की बाजारात कोणीतरी इस्त्रीचे कपडे घालून, फोटोसाठी श्वास रोखून उभं आहे. घोडासुद्धा त्याच्याबरोबर चालायला तयार नव्हता.

सासऱ्यांचा दाढीवरचा हात थांबला. "हा कोण?"

"तुम्हीच, बाबा."

"हा तर पेन्शनच्या अर्जातला माणूस आहे."

"मग नाव काढते," अयजारकिन म्हणाली. आवाज हळू होता, पण डळमळीत नव्हता. "तेमिरकुल या गावातच चार आहेत. घाईकाय एकच आहे. तुम्ही नको म्हणालात तर छापायला देणार नाही. पण देईन तर अशीच देईन."

तिनं नाव घेतलं याहून ती एवढं सलग बोलली याचं आपांना जास्त आश्चर्य वाटलं. सासऱ्यांचा हात दाढीवरून पुन्हा फिरला. मग म्हणाले, "आधीची वाच."

तिनं आधीची वाचली, आवाज काढून, घेवडा निवडताना काढायची तसे. दात, खूर, कललेला दिवस. घोडा आपणहून गल्लीत वळला तेव्हा सासऱ्यांचे खांदे हलले. "हुशार जनावर आहे" या वाक्याला ते इतके हसले की टोपी काढून डोळे पुसावे लागले.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "डाव्या कानाला चीर आहे त्याच्या. तो शिंगरू असताना मीच पाडलेली."

"अहो, मग सांगितलं का नाही?" आपांनी विचारलं.

"घाई काय होती?"

सकाळी अयजारकिननं स्वतः फोन लावला. अगायनी साहित्य, परंपरा, वाचकवर्ग असं करत बराच मोठा परिच्छेद घातला. तिनं पूर्णविराम येईपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं की वाचताना अगाय कुठे हसले. ते म्हणाले, फाटकाशी. तेव्हा घाईकायचं खरं नाव विचारावंसं वाटलं होतं का? पलीकडे स्वल्पविराम पडला. मग अगाय म्हणाले की ठीक आहे, छापू, परंतु, दुसरी कथा लवकर पाठवावी.

दुसरी कथा तिनं त्याच दुपारी सुरू केली, सूर्योदयाशिवाय. आपा खोलीत दोनदा उगाच येऊन गेल्या. तिसऱ्यांदा उंबऱ्यावर थबकल्या.

"काय गं," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मला काय म्हणतेस तू, त्या बायकांत?"

अयजारकिननं मान वर केली नाही. "छापून आलं की वाचा, आपा."