दिनूचा नाव घातलेला डायनॅमो

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद लावतोय, कारण दुपारपासून माझा नुसता जळफळाट होतोय.

परवा इथल्याच दारातून दोन सायकलींचे दिव्याचे डायनॅमो चोरीला गेले, एक माझा आणि एक माझ्या मित्राचा, दिनूचा. हल्ली पोलिसांनी भंगारवाल्यांना सक्ती केलीय, की माल आणणाऱ्याचं नाव-गाव आणि वस्तूची खूण वहीत लिहायची. म्हणून आज आम्ही दोघं कासमचाचांच्या भंगाराच्या दुकानात गेलो.

चार डायनॅमो एकाच माणसानं आणले होते. त्याचं नाव चाचांनी चौकीवर कळवलंय. दिनूचा त्यांनी लगेच काढून दिला, कारण त्याच्या आईनं भांडीवाल्याकडून त्यावर नाव घालून घेतलं होतं. तेव्हा मीच हसलो होतो, "दिन्या, हे काय पातेलं आहे?"

चाचांनी उरलेले तीन माझ्यापुढे ठेवले. "खूण सांग बेटा, नि घेऊन जा. खूण नाय तर मी देनार नाय. उद्या दुसरा मालक आला तर?"

मला एकही खूण आठवेना. संध्याकाळी कामोठ्याला शिकवणी, आणि बिनदिव्याची सायकल पकडली तर दंड.

दिनू म्हणाला, "आज माझी सायकल ने."

त्याच्या त्या चांगुलपणानं तर मी आणखीच पेटलो. नको म्हणालो. आता चालत निघतोय.

तुम्ही तुमच्या डायनॅमोवर नाव घातलंय का? घातलं असेल, तर निदान आज मला सांगू नका.